टीडीएसचा आकडा आणि प्यायचे पाणी

उन्हाळ्याची चाहूल लागली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "चांगला प्युरिफायर कोणता?" उत्तरांनाही वेळ लागत नाही. प्रत्येक उत्तरात एका कंपनीचे नाव असते आणि त्यापुढे "आमचा टीडीएस आता चाळीसवर आलाय" अशी फुशारकी असते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. आपल्या नळाला पाणी येते कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते यंत्र निवडताना पहिला प्रश्न तोच असायला हवा, कारण पाण्यात विरघळलेले क्षार आणि पाण्यात शिरलेले जंतू या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत आणि एकीवरचा महागडा उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही.

आधी त्या आकड्याविषयी. पेनासारखा दिसणारा टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असावेत, याचा अंदाज दाखवतो. हे क्षार प्रामुख्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड आणि सल्फेट यांचे असतात. त्यांपैकी कोणता किती, हे मीटरला कळत नाही; जंतू तर त्याला मुळीच दिसत नाहीत. शिशाचे उदाहरण घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि घरगुती मीटरवरचा आकडा हलतो तो एकेकाने. तेव्हा घातक प्रमाणात शिसे असलेले पाणीही या मीटरवर निर्मळ ठरू शकते. त्याच मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. दीडशे टीडीएसचे पाणी चाळीसवर आणल्याने आरोग्याला काही जास्तीचा लाभ होतो, असे मानायला आधार नाही.

या आकड्याची भीती घरोघरी पोहोचवण्याचे काम एका लहानशा प्रयोगाने केले आहे. तो आमच्याही स्वयंपाकघरात झाला. विक्रेत्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एका पेल्यात आमच्या नळाचे आणि दुसऱ्यात त्याच्या बाटलीतले आरओचे, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून गाळलेले. मग धातूच्या कांड्या असलेले एक उपकरण दोन्ही पेल्यांवर ठेवून त्याने बटण दाबले. पाहता पाहता नळाचे पाणी पिवळे, मग तपकिरी झाले आणि वर गढूळ साय धरली. आरओचे पाणी तसेच नितळ राहिले. "बघा मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजताय," असे तो म्हणाला. वस्तुस्थिती अशी की ती घाण पाण्यातली नसतेच. त्या कांड्यांतली एक लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि गंजाचा साका तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने वीज फारशी वाहत नाही आणि कांडीही फारशी झिजत नाही. मी त्याच्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकले आणि पुन्हा बटण दाबायला सांगितले, तेव्हा तो घाईने म्हणाला, "नको मॅडम, मशीन खराब होईल." सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि विषय तिथेच संपला.

पुण्याच्या मोठ्या भागाला खडकवासला साखळीतील धरणांचे, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला यांचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेला हा पाऊस खडकातून फार झिरपलेला नसतो, म्हणून हे पाणी मुळातच मऊ आणि कमी क्षारांचे असते. त्यासाठी आरओ बसवणे म्हणजे विकतचे दुखणे होय. या पाण्याला धोका आहे तो जंतूंचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा हे सर्वांच्याच लक्षात यायला हवे होते. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतील बळ जाऊ लागते. त्या वेळी काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू आणि नोरोव्हायरस आढळले, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. हा जीवाणू पाणी उकळल्याने मरतो आणि योग्य प्रमाणातील क्लोरिननेही मरतो. टीडीएसच्या मीटरवर मात्र तो असला काय आणि नसला काय, आकडा तोच दिसतो.

म्हणून धरणाचे, कमी क्षारांचे पाणी असलेल्या घरासाठी मी यूव्ही आणि यूएफ एकत्र असलेले साधे यंत्र सुचवते. यूव्हीच्या नळीतून जाणारी अतिनील किरणे जंतूंच्या जनुकद्रव्यावर आघात करतात आणि त्यांची वाढ खुंटते. पाण्यातील क्षारांना ती हात लावत नाहीत आणि एक थेंबही वाया जात नाही. मात्र पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांआड जंतू लपतात, त्यामुळे यूव्हीच्या आधी गाळणी हवीच. शिवाय वीज गेली की दिवा बंद. यूएफची पोकळ तंतूंची जाळी विजेशिवाय चालते आणि जीवाणू अडवते. सर्वांत सूक्ष्म विषाणूंच्या बाबतीत तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. सोबत असलेला सक्रिय कोळसा क्लोरिनचा वास आणि काही सेंद्रिय रसायने शोषून घेतो. ज्यांना यंत्र परवडत नाही किंवा नकोच आहे, त्यांच्यासाठी पाणी चांगले खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच उकळू देणे आणि झाकून थंड करणे हा उपाय आजही तितकाच खात्रीचा आहे.

आता मीटरची बाजूही मांडली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत उपनगरांतल्या सोसायट्या टँकरवर येतात आणि टँकर बहुधा कुठल्यातरी बोअरवेलवर किंवा विहिरीवर भरलेला असतो. परवापर्यंत सव्वाशे दाखवणारा मीटर अचानक सातशे दाखवू लागला, तर पाण्याचा स्रोत बदलला हे त्यावरून पक्के समजते. आमच्याकडे वॉचमनच्या खोलीत यासाठीच एक मीटर ठेवलेला आहे आणि टँकर रिकामा होण्यापूर्वी आकडा वहीत लिहिला जातो. स्रोत बदलला का, एवढे सांगण्यापुरता तो उपयोगी आहे.

आरओ निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. माझे सासर दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नव्या सुनेला पहिल्या घोटातच कळते की आपण कुठे आलो. धरणावरील योजनेचे पाणी गावात आले आहे. पण ते नळाला येत नाही त्या दिवसांत हेच पाणी वापरावे लागते. असे पाणी उकळले तर क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. यूव्हीचाही इथे उपयोग नाही. इथे आरओच हवा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या ज्या गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथेही तेच. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त प्रमाण वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात.

आरओ घेताना एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. बऱ्याच यंत्रांत "टीडीएस ॲडजस्टर" नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून तो थोडे पाणी आरओच्या पडद्याला वळसा घालून थेट टाकीत सोडतो. साध्या कडक पाण्यासाठी हे ठीक आहे. परंतु पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, तर जे काढण्यासाठी पैसे मोजले तेच पुन्हा पेल्यात येते. दुसरा मुद्दा वाया जाणाऱ्या पाण्याचा. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. दिवसाला पंधरा लिटर लागणाऱ्या घरातून पंचेचाळीस लिटर पाणी मोरीत जाते, आणि तेही टंचाईच्या गावात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश दिले, त्यामागे हेच कारण होते. हे बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालते; खारपाणपट्ट्यात ते झाडांना घालू नये, कारण त्यात मूळ पाण्यापेक्षाही अधिक क्षार असतात.

पाण्यात नेमके काय आहे हे कळण्याचा खरा मार्ग तपासणीचाच. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासले जाते. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली तिथूनच घ्यावी, घरातली शीतपेयाची बाटली विसळून नेऊ नये. गावात जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाण्याची देखरेख करणारा माणूस, करतो ती क्लोरिनची ओटी टेस्टही आपल्या समोर करून घ्यावी: नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेली नाही किंवा वाटेतच संपली आहे. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला मिळालेले कार्ड हिरवे (कमी धोका) आहे, पिवळे (मध्यम) आहे की लाल (जास्त), हेही विचारण्यात संकोच नसावा.

यंत्र घेतल्यावर त्याची निगा कोणी राखायची, हे खरेदीच्या दिवशीच ठरलेले बरे. सुरुवातीची दोऱ्याची गाळणी पांढरी शुभ्र असते आणि पावसाळ्यात काही आठवड्यांतच ती चहाच्या गाळण्यासारखी होते. ती वेळेवर बदलली नाही तर पुढचे सगळे भाग लवकर निकामी होतात. कोळशाची मुदत संपल्यावरही तो तसाच राहिला तर त्यावर जंतूंची वस्ती होते. गच्चीवरची टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसेल, तर खालच्या यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. आणि माठ असेल तर त्यात हात बुडवून पेला भरणे बंद करावे. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी हवी. यंत्रातून निघालेले निर्धोक पाणी बोटांनी दूषित करणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

राहिला प्रश्न पाणी किती प्यावे याचा. दिवसाला आठ पेले हा नियम कानाला सोपा असला तरी सर्वांना सारखा लागू नाही. अमेरिकेत २००४ साली सुचवलेले प्रमाण पुरुषांसाठी सुमारे ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी सुमारे २.७ लिटर होते. परंतु त्यात चहा, ताक, आमटी, फळे अशा सर्व मार्गांनी मिळणारे पाणी धरलेले आहे. वरणभात आणि ताक जेवणाऱ्याला पाण्याचा बराच वाटा ताटातूनच मिळतो. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराची आणि वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याची गरज एकच कशी असेल? निरोगी माणसाने तहान आणि लघवीचा रंग यांवर लक्ष ठेवावे. रंग फिका पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर कमी पडते आहे.

काहींच्या बाबतीत तहानेवर विसंबता येत नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात घरातल्या वृद्धांना विचारत न बसता पाणी हातात द्यावे. मूतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतके पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो. याउलट हृदयविकाराच्या आणि मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना पाणी मोजून प्यावे लागते, तिथे डॉक्टरांचा शब्दच प्रमाण मानावा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नसते. त्याची गरज आईच्या दुधातूनच भागते. हे आजीला समजावणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे.

जुलाब सुरू झाले तर नुसते पाणी पुरत नाही, कारण पाण्याबरोबर क्षारही जात असतात. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच घालावी. अर्धी पुडी पेल्यात घातली की अंदाज चुकतो आणि पाणी कमी पडले तर द्रावण अति खारट होते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. एकदा केलेले द्रावण चोवीस तासांनी फेकून द्यावे आणि नवे करावे.