‘डाऊन’ टाइप करण्याआधी

परवाच्या रविवारी आम्ही टेस्ट सिस्प्लेक्समधली एक सिस्टीम मुद्दाम पाडली. मी फोंड्याला घरी, बाहेर पावसाने नुसता धुमाकूळ घातलेला, लाईट दोनदा गेली, राऊटर इन्व्हर्टरवर, आणि तिकडे डेटासेंटरमधल्या मुलाने एचएमसीवरून, म्हणजे मशीनच्या हार्डवेअर कन्सोलवरून, सिस्टीम रिसेट मारला तसा मी घड्याळ समोर ठेवून कन्सोल बघत बसलो. ड्रिल बरंच चांगलं झालं. पण त्या दोन तासांत मला सारखी चार वर्षांपूर्वीची एक रात्र आठवत होती, म्हणून लिहितोय.

ज्यांचा मेनफ्रेमशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिस्प्लेक्स म्हणजे झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) चालवणाऱ्या बऱ्याच सिस्टीम, अगदी ३२ पर्यंत, एकत्र बांधलेल्या. आयबीएमने १९९४ मध्ये यात कपलिंग फॅसिलिटी आणली, म्हणजे सगळ्यांचे लॉक (एकाच वेळी दोघांनी तेच लिहू नये म्हणून लावलेली कुलपं), कॅश आणि लिस्ट जिथे राहतात ती मधली जागा, आणि तेव्हापासून एकच डेटाबेस सगळ्या सिस्टीम एकाच वेळी वाचू-लिहू शकतात. एक पडली तर बाकीच्यांनी काम ओढायचं, हा सगळा खटाटोप त्यासाठीच. आता प्रत्येक सिस्टीम कपल डेटासेटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फाईलमध्ये, दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ म्हणून वेळेचा शिक्का मारत असते. शिक्का थांबला आणि ठरलेला वेळ उलटला की बाकीच्यांना संशय येतो.

पण शिक्का थांबला म्हणजे ती सिस्टीम मेलीच असं नाही. नेमकं इथेच घात होतो.

त्या रात्री प्रॉडक्शनमधल्या तीन सिस्टीमपैकी एकीवर कोणीतरी एचएमसीवरून चुकून स्टॉप दाबला, त्याला दुसरंच पार्टिशन (मशीनचा एका सिस्टीमला दिलेला तुकडा) थांबवायचं होतं. आमचा इंटरव्हल, म्हणजे तो ठरलेला वेळ, ८५ सेकंदांचा होता, तो संपला आणि कन्सोलवर आयएक्ससी ४०२ डी आला. हा मेसेज विचारतो की अमुक सिस्टीम शेवटची अमुक वाजता जिवंत दिसली, सिस्टीम रिसेट केल्यावर ‘डाऊन’ असं उत्तर द्या. त्यातलं ‘रिसेट केल्यावर’ हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने रिसेट न करताच डाऊन टाकलं. मी त्याला दोष देत नाही, पावणेतीन वाजलेले, दोन फोन वाजतायत, वरून कोणीतरी ‘लवकर कर’ म्हणतोय, अशा वेळी माणूस समोरचा शब्द वाचतो आणि टाइप करतो.

डाऊन म्हटल्याबरोबर उरलेल्यांनी तिला सिस्प्लेक्समधून काढून टाकली आणि जीआरएसने (कुठली फाईल कोणाच्या ताब्यात आहे हे सांभाळणारा भाग) तिच्या नावावरचे एनक्यू, म्हणजे ते ताबे, सोडून दिले. दुसऱ्या सिस्टीमवर एक बॅच (एकगठ्ठा चालणारं काम) हिने धरून ठेवलेल्या पोस्टिंग फाईलसाठी ताटकळत होती, तिला फाईल मिळाली, ती लिहायला लागली. सहा मिनिटांनी तिकडे कोणाच्यातरी लक्षात आलं की अरे हे पार्टिशन स्टॉप आहे, आणि त्याने स्टार्ट दाबला. झोपलेली सिस्टीम जागी झाली आणि तिच्या हिशेबाने मधली सहा मिनिटं झालीच नव्हती. आपल्याला काढून टाकलंय हे कळल्यावर ती ०ए२ वेट स्टेटमध्ये गेलीच, म्हणजे स्वतःहून थांबलीच, पण त्याआधी रांगेत असलेलं लिखाण तिने डिस्कवर टाकून दिलं. एकाच फाईलवर दोघांनी लिहिलेलं.

फाईल बॅकअपवरून आणून बॅच पहिल्यापासून चालवायला लागली. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला तेव्हा मी कॉलवरच होतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत कॉलवरच होतो. आईने चहा आणि पाव आणून टेबलावर ठेवला तो तसाच राहिला.

त्यानंतर मी भांडून एसएफएम पॉलिसी, म्हणजे सिस्टीम पडल्यावर काय करायचं याचे नियम, बदलून घेतली. आधी त्यात प्रॉम्प्ट होतं, म्हणजे माणसाला विचारा. आता आयसोलेटटाइम शून्य, म्हणजे शिक्का थांबून इंटरव्हल उलटला की बाकीच्या सिस्टीम कपलिंग फॅसिलिटीमार्फत तिचं आयओच, म्हणजे डिस्कशी बोलणंच, तोडतात, तिला कुंपणाबाहेर काढतात आणि मगच तिचे लॉक-बिक हाताळतात. कोणी स्टार्ट दाबला तरी तिचा हात डिस्कपर्यंत पोचत नाही. मीटिंगमध्ये खूप विरोध झाला, मशीनने आपणहून प्रॉडक्शन सिस्टीम मारायची म्हणजे काय, नुसती दोन मिनिटं अडकलेली असेल तर? मला हा मुद्दा पटतो, म्हणून इंटरव्हल किती ठेवायचा यावर डोकं घाला, दिवसा, चार जण बसून. पण वेळ उलटल्यावर काय करायचं हे पहाटे तीन वाजता एकट्या पोरावर सोडणं मला अन्याय वाटतो.

एकदा ती नक्की बाहेर गेली की पुढचं काम एआरएमचं, म्हणजे पडलेले प्रोग्रॅम आपोआप उठवणाऱ्या भागाचं, कोणाला कुठे आणि कुठल्या क्रमाने उठवायचं ते. लोकांना वाटतं की डीबीटूचे (हा आमचा डेटाबेस, प्रत्येक सिस्टीमवर त्याचा एक मेंबर चालतो) दोन मेंबर जिवंत आहेत मग घाई कसली. घाई आहे, कारण पडलेल्या मेंबरचे अर्धवट बदलांवरचे लॉक रिटेन्ड म्हणून तसेच राहतात आणि त्या पानांना हात लावणारे सगळे आपटत राहतात. तो मेंबर कुठेतरी उठून आपला लॉग वाचून हिशेब मिटवेपर्यंत ते सुटत नाहीत. त्यासाठी रिस्टार्ट लाईट आहे, थोड्या मेमरीत उठतो, लॉक सोडतो आणि बंद होतो. पण त्याच्याशी बोलणारा सीआयसीएस (व्यवहार चालवणारा प्रोग्रॅम) जर भलत्याच सिस्टीमवर उठला तर इनडाऊट कामं, म्हणजे पक्की करायची की रद्द हे न ठरलेली, लोंबकळतात, म्हणून दोघांना एकाच रिस्टार्ट ग्रुपमध्ये बांधायचं, आधी आयआरएलएम (डीबीटूचे लॉक सांभाळणारा), मग डीबीटू, मग सीआयसीएस.

आणि उरलेल्यांत ताकद हवी. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल पडला तेव्हा बाबा बेतीहून रोज पणजीला कामाला जायचे. फेरीबोटी होत्याच, पण पुलावरची सगळी गर्दी धक्क्यावर आली, तिथल्या रांगांबद्दल बाबा अजून सांगतात. तीन सिस्टीम ८० टक्के भरून चालवायच्या आणि एक गेली तर दोघी सांभाळतील म्हणायचं, हा हिशेब जमत नाही, २४० टक्क्यांचं काम २०० मध्ये बसत नाही. कुठली कामं मागे ठेवायची ते डब्ल्यूएलएममध्ये, म्हणजे कामांचा प्राधान्यक्रम बघणाऱ्या भागात, आधीच लिहिलेलं पाहिजे.

तर परवा. रिसेट मारल्यावर इंटरव्हल संपायची वाटच बघावी लागली नाही, बाकीच्या सिस्टीमनी बीसीपीआयआय या इंटरफेसमार्फत थेट हार्डवेअरला विचारलं आणि काही सेकंदांत पार्टिशनिंग, म्हणजे तिला सिस्प्लेक्समधून बाहेर काढणं, सुरू, कोणाला काही टाइप करायला लागलं नाही. डीबीटू शेजारच्या सिस्टीमवर उठला, रिटेन्ड लॉक सुटले. फक्त एक सीआयसीएस रिजन, म्हणजे सीआयसीएसची एक चालती प्रत, आलाच नाही, तो एआरएममध्ये रजिस्टरच झालेला नव्हता, स्टार्टअप पॅरामीटरमध्ये कोणीतरी बंद करून ठेवलेलं आणि वर्षभर कोणाला कळलं नाही. गुरुवारच्या चेंजमध्ये ते घातलंय. चवथीच्या आधी अजून एक रविवार मिळतोय, त्या दिवशी कपलिंग फॅसिलिटीच पाडायची आहे, लॉक स्ट्रक्चर (त्यातली लॉक ठेवायची जागा) दुसऱ्या फॅसिलिटीत रिबिल्ड व्हायला किती वेळ घेतं ते मला बघायचंय.