एकाच रात्रीचे 9 आणि 7

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी वटपौर्णिमा आली की मला एक फॉर्म आठवतो. 1999 ची वटपौर्णिमा 28 जूनला होती, कारगिलचं युद्ध ऐन भरात होतं, आणि मी आर्मी सर्व्हिस कोअरच्या एका ट्रान्सपोर्ट बटालियनचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, होतो. आमचं काम रसद वर पोचवायची, म्हणजे रेशन, केरोसीन, डिझेल आणि दारूगोळा. रस्ता एकच, श्रीनगर-लेह. सोनमर्ग, झोजिला, गुमरी, मटायन, द्रास. तोलोलिंग 13 जूनला आपल्या ताब्यात आलं होतं पण टायगर हिल अजून त्यांच्याकडेच होती आणि तिथे बसलेल्या माणसाला खालचा रस्ता दिसतो. म्हणून गाड्या रात्री, हेडलाइट बंद, ब्रेकलाइटचे बल्ब काढलेले. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोल भागाला, पांढरा रंग असतो, त्याच्यावर खाली तोंड केलेला एक बारका दिवा, तो बघत मागचा ड्रायव्हर चालवतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मागे दारूगोळा. लोकांना शिखरं सर करणारे आठवतात, ते बरोबरच आहे, पण या ड्रायव्हर पोरांबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही याचा मला अजून राग येतो.

त्या संध्याकाळी माझ्या एका कंपनी कमांडरकडे, मेजर होता, आपल्याकडचाच, 24 गाड्या होत्या. मोठा भाग 155 एमएमचा दारूगोळा. हा एक गोळा 43 किलोच्या आसपास भरतो, तो उडवणारा दारूचा चार्ज वेगळा, गोळा फोडणारा फ्यूज वेगळा, चार्ज पेटवणारा प्रायमर वेगळा, आणि यातलं एक जरी नाही पोचलं तरी तोफेला बाकीच्याचा उपयोग शून्य. नेहमीच्या पद्धतीने गोळे एका गाडीत, चार्ज दुसऱ्या, फ्यूज तिसऱ्या. याने दारूगोळा देणाऱ्या ऑर्डनन्सवाल्यांशी दोन तास भांडून लोड असे लावून घेतले की कुठल्याही दोन गाड्या पोचल्या तरी त्यातून पूर्ण राउंड तयार होतील. मी 25 वर्षं लोड टेबल बघितली, इतकं विचार करून लावलेलं दुसरं बघितलं नाही.

ऑर्डर होती 24 च्या 24 एका कॉन्व्हॉयने, पहाटेच्या आत द्रासला. आणि वर पौर्णिमा. आकाशात ढगाचा तुकडा नाही, मटायनला उभं राहून हातातल्या नकाशावरची अक्षरं वाचता येत होती असं सुभेदारसाहेब नंतर म्हणाले. मेजरने मला फोन केला, आम्ही दोघंच बोलत असलो की मराठीतच बोलायचो. "सर, एकदम नाही सोडत. जोडी-जोडीने सोडतो, अर्ध्या तासाने एक." मी म्हटलं अरे पूर्ण नाही होणार, उजाडेल. म्हणाला, "नाही होणार सर. सहा गाड्या राहतील. त्या उद्या."

मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, जागेवर तू आहेस, तू बघ. हे वाक्य मला आज आवडत नाही.

18 गाड्या पोचल्या, ओरखडा नाही. रस्त्यावर गोळे पडले पण दोन गाड्यांच्या टप्प्यात पडायला नशीबच लागतं. राहिलेल्या सहा दिवसभर मटायनच्या अलीकडे जाळीखाली लपवून दुसऱ्या रात्री गेल्या. पहिल्या रात्री, 28 जूनलाच, द्रासच्या वर नॉल आणि थ्री पिंपल्स या शिखरांसाठी लढाई चालू होती, तोफा थांबत नव्हत्या, म्हणजे वरच्यांना घाई का होती ते मला समजत होतं. दोन दिवसांनी वरून एक कागद आला, डिमांड अर्धवट, ऑफिसरने दिलेली ऑर्डर बदलली. तो कागद फाइलला लागला.

मग युद्ध संपलं, आणि त्याचा एसीआर लिहायची वेळ आली. एसीआर म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, सैन्यात माणसाचं नशीब त्यात असतं. एकेका गुणाला 9 पैकी मार्क, 9 म्हणजे आउटस्टँडिंग, 8-7 म्हणजे अबव्ह ॲव्हरेज. ऐकायला 7 चांगला वाटतो, पण प्रमोशनच्या बोर्डासमोर सगळेच 8-9 वाले असतात, तिथे 7 उठून दिसतो. मी मॉरल करेजला, म्हणजे नैतिक धैर्याला, 9 दिले, त्या रात्रीसाठी. डिसिजिव्हनेसला, म्हणजे निर्णयक्षमतेला, 7 दिले, त्याच रात्रीसाठी. पेन हातात असताना मला ते चुकीचं वाटलंच नाही. फाइलमध्ये कागद आहे, सगळीकडे 9 लिहिले तर रिव्ह्यू करणारा म्हणेल फुगवलाय आणि सगळाच रिपोर्ट खाली ओढेल, असा माझा हिशेब. प्रमोशनची शिफारस केली, मनापासून केली.

पण ऑर्डर समोर असताना, सगळे घाई करत असताना, सहा गाड्या मागे ठेवायच्या हे ठरवणं हा निर्णय नव्हता तर काय होतं? एकदम सोडल्या असत्या तर किती गेल्या असत्या हे कुणीच सांगू शकत नाही, कदाचित एकही नाही. वाचलेल्या गाडीचा पुरावा दाखवता येत नाही. जळलेली गाडी सगळ्यांना दिसते, तिच्या ड्रायव्हरला बाहेर काढणाऱ्याचं सायटेशन, म्हणजे पदकाची शिफारस, लिहिता येतं, मी स्वतः अशी सायटेशन लिहिली आहेत. गाडी जळूच दिली नाही याचं कसं लिहायचं हे मला त्या पानावर जमलं नाही.

बोर्डात त्याचं नाव आलं नाही. माझ्या 7 मुळेच असं नाही म्हणता येणार, बोर्ड बऱ्याच वर्षांचे रिपोर्ट बघतं. पुढे 2004 च्या डिसेंबरमध्ये नियम बदलले, लेफ्टनंट कर्नल सगळ्यांनाच टाइमस्केलवर मिळायला लागला, तसा त्यालाही मिळाला. पण निवडून मिळालेला आणि वर्षं भरली म्हणून मिळालेला यातला फरक युनिफॉर्ममधल्या माणसाला कळतो.

रिपोर्टचा काही भाग ऑफिसरला दाखवून त्याची सही घ्यावी लागते. तो माझ्यासमोर खुर्चीवर बसला, 9 वाचला, 7 वाचला, खालचा परिच्छेद सावकाश वाचला. मी वाट बघत होतो की विचारेल. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "सर, त्या सहा गाड्यांचं लिहायचं राहिलं. त्या पण पोचल्या, दुसऱ्या रात्री."

मी म्हटलं आता खाडाखोड नको.

"बरं सर," म्हणाला, आणि सॅल्यूट करून गेला.