दादाचा हात आणि तीस दिवस

आमच्याकडं लातूर जिल्ह्यात सोयाबीनची रास दसऱ्याच्या आगेमागे होते. त्या वर्षी बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, दोनदा भिजली होती. मळणीची मशीन मिळाली तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले, आणि मशीनवाल्याला पुढच्या गावाची घाई. टाकायला माणूस कमी पडला म्हणून दादाच तोंडावर उभा राहिला, अंगात लांब बाह्यांचा सदरा. ओल्या काडाचा बोळा अडकला, तो त्यानं हातानं रेटला. मी ट्रॅक्टरजवळच होतो, तरी बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं. ट्रॅक्टरच्या जोरावर मशीन फिरवणारा पीटीओचा शाप्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ.

उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या मामांनी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचं सांगितलं. २०२३ पासून त्यात मधे विमा कंपनी नाही. मृत्यू झाला तर दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, तीस दिवसांच्या आत. सातबारा अण्णांच्या नावावर, म्हणून मी आशा सोडली होती; पण खातेदाराच्या घरातलं एक माणूसही यात बसतं. रेशन कार्ड कामी आलं.

खरी अडचण पोलिसांच्या कागदाची. "पडून लागलं म्हणा, उगं केस कशाला," असं मशीनवाला म्हणाला होता. वहिनीनं ऐकलं नाही, डॉक्टरांना खरं तेच सांगितलं. तेवढ्या एका नोंदीवर पुढचं सगळं उभं राहिलं. पंचनामा मात्र आठव्या दिवशी झाला. तोवर मशीन कुठल्या कुठं, रानात नुसतं भुसकट.

कचेरीत पहिल्याच फेरीला सहा-क मागितला. तो वारसांचा कागद, माणूस गेल्यावर लागतो. दादा तर टेबलासमोर उभा होता, हाताला पट्टी बांधून. "साहेब, मी हाय की अजून," एवढंच म्हणाला. साहेब हसले, मला हसू आलं नाही.

जखम भरल्याशिवाय अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेना आणि दिवस सरत चालले. शेवटी सत्ताविसाव्या दिवशी आहेत त्या कागदांवर अर्ज दिला, राहिलेलं नंतर देतो असं लिहून. पोच मागून घेतली, शिक्का तारखेसकट. पुढं ज्यानं त्यानं "अर्ज उशिरा आला" म्हटलं की ती पोच पुढं करायचो. तहसीलदारांच्या समितीत मंजुरी झाली, पैसे खात्यावर आले ते पेरणीच्या तोंडावर. खतात गेले.

यंदा मशीन ठरवायच्या आधी मी टेप घेऊन गेलो. भारतीय मानकाप्रमाणे माल सरकवायचं पत्र्याचं तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब लागतं, त्यातलं ४५ वरून झाकलेलं. मग हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. दोन मशीनवाल्यांनी वेड्यात काढलं. तिसऱ्याचं तोंड भरलं मापात, शाप्टलाही झाकण होतं. पोत्यामागं दर जरा जास्त.

त्याच्या टोळीतल्या एका बाईच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. साडीवर सदरा घालून, बाह्या दुमडून ती टाकायला उभी राहिली. चहाच्या वेळी दादाचा हात बघून तिनं विचारलं, किती मिळाले. मी सांगितलं. तिच्या घरात कुणाच्याच नावावर गुंठाभर रान नाही. कप ठेवून ती परत मशीनकडं गेली.