नवा रंग न मारता: जुन्या लाल मारुतीच्या घासकामाचा अनुभव

आमच्या लाल मारुती ८०० वर कंपनीचा रंग उरलेला नाही. वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ती अख्खी पुन्हा रंगवून घेतली होती. सोलापूरच्या उन्हानं बॉनेट आणि टप गुलाबट पडला होता, हात फिरवला की बोटांना लाल भुकटी लागायची. जवळून पाहिलं तर सगळीकडे संत्र्याच्या सालीसारखे खळगे, रंगात अडकलेली धूळ आणि उजव्या दारावर रंगाचा लांब ओघळ. ज्याला दाखवली तो म्हणाला, नवीन रंग मारून टाका. पण खाली चांगला रंग शिल्लक असेल, तर तो घालवायचा कशाला?

म्हणून आधी तेच तपासलं. पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड, म्हणजे रंग घासून उजळवायची पेस्ट, घेऊन बॉनेटचा कोपरा घासला, तर फडकं लाल झालं. म्हणजे वर लॅकरचा पारदर्शक थर नाही, चमक आणि रंग एकाच थरात. वर लॅकर असतं तर फडकं जवळपास पांढरंच राहिलं असतं. मग रंगाची जाडी मोजायचा मीटर आणला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आमच्या बॉनेटवर आकडे २०० च्या पुढे होते. डाव्या मडगार्डवर मात्र ते एकदम कितीतरी पट वाढले: तिथं खाली पुट्टी. इथं सावध राहायला हवं. मीटर पत्र्यापासून वरचं सगळं मोजतो, पुट्टी आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थरही. आकडा मोठा म्हणून वरचा रंग जाड, असं होत नाही.

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये गाड्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी आधी बॉनेटच्या कडा आणि मधल्या उठावाच्या रेषा बोटानं चाचपल्या. “इथं घासू नको बरं का. कडेला रंग थांबत नसतो.” ओला रंग धारेवरून खाली सरकतो, त्यामुळे तिथला थर सगळ्यात पातळ. सगळ्या कडांवर मास्किंग टेप लावला आणि मगच सुरुवात केली.

हे काम उन्हाळ्यात करायचं नाही, ते हिवाळ्यात सकाळी, सावलीत. पत्रा तापला की पाणी टिकत नाही आणि कोरडा पेपर खोल ओरखडे काढतो. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे घासपेपर, आधी भिजत ठेवले, बादलीत दोन थेंब शाम्पू टाकला, पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळला. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली दाब पडून खोबणी होतात. १५०० नंबरनं हात फिरवायला लागलो आणि लाल पाणी ओघळायला लागलं. एकाच थराच्या रंगात ते येणारच. लॅकरवाल्या गाडीत मात्र पाण्यात रंग दिसला की हात तिथंच थांबवायचा. चाचा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. “जोर कशाला लावालास? नुसता फिरव की.”

थोडं घासायचं, रबरी पट्टीनं पाणी ओढायचं आणि तिरप्या उजेडात बघायचं. घासलेला भाग मंद दिसतो, खळग्यांचे तळ चमकत राहतात. ते ठिपके जवळजवळ संपले की पुरे. शेवटचा ठिपका काढायच्या हट्टात प्रायमर उघडा पडतो, म्हणून काही मी मुद्दाम ठेवले. ओघळाभोवती टेप लावून तेवढाच भाग छोट्या कडक ठोकळ्यानं सपाट केला.

मग २०००, मग ३०००; नंबर वाढतो तसा पेपर बारीक. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा फिरवला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. नंबर बदलताना गाडी, ठोकळा, बादली सगळं धुवायचं. जाड पेपरचा एक कण राहिला तरी पुढचं काम वाया. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग सोडतं. म्हणून घासायला बोअरचं वापरलं आणि शेवटच्या धुण्यासाठी नळाचं साठवून ठेवलं.

एवढं झाल्यावर गाडी पूर्ण निस्तेज दिसते. बघणाऱ्याला वाटतं, वाटोळं झालं. पॉलिशिंग त्यामानानं सोपं: एका छोट्या चौकोनावर पॅड आणि कंपाउंड तपासून घेतलं, मग ड्युअल ॲक्शन मशिन, म्हणजे पॅड स्वतःभोवती आणि गोल कक्षेत असं दोन्ही प्रकारे फिरवणारं पॉलिश मशिन, सावकाश फिरवलं. पॅड रंगानं भरतो, तो ब्रशनं वरचेवर साफ करावा लागतो. पत्रा हाताला गरम लागला की थांबायचं. त्यानंतर बारीक पॉलिश आणि वॅक्स. टपातून समोरच्या लिंबाच्या फांद्या स्पष्ट दिसायला लागल्या, तेव्हा वडील बराच वेळ गाडीभोवती फिरत होते. असा रंग उघडा ठेवला की पुन्हा भुकटी धरतो, म्हणून वॅक्स दर तीन-चार महिन्यांनी चालू ठेवणार आहे.

डावं मडगार्ड राहिलंय. तिथं रंगाला बारीक भेगा आहेत, त्या पुट्टीतून वर आल्यात. घासून जाणाऱ्या नाहीत. ते पत्र्यापर्यंत उघडून नव्यानं रंगवावं लागेल. रंग जुळवायला कंपनीचा कोड उपयोगी नाही, कारण जुना रंग डोळ्यानं जुळवलेला. चाचांनी आधीच सांगून ठेवलंय, नमुना पॉलिश झालेल्या बॉनेटवरूनच घ्यायचा.