भिंतीवरचा मृग आणि काउंटरवरचं ‘७२ डीपीआय’

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा मी वांगणीहून काढलेला फोटो अखेर हॉलच्या भिंतीवर लागला. २४ बाय ३६ इंच, जसा मनात होता तसाच. थंडीतली जागरणं, ट्रॅकिंग (सरकणाऱ्या ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणं), स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक रचून एक करणं) यांचा त्रास विसरलो. प्रिंटिंगच्या एका काउंटरवर झालेला मनस्ताप मात्र विसरता येत नाही.

फोर्टमधलं दुकान. ऑपरेटरनं पेनड्राइव्हवरची फाइल उघडली आणि लगेच म्हणाला, “साहेब, ही बहात्तर डीपीआयची आहे. फाटणार. तीनशेची आणा.” डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे तो आकडा, आणि ‘फाटणार’ म्हणजे चित्राचे ठोकळे दिसणार.

फाइल ५४०० बाय ३६०० पिक्सेलची होती. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ६००० बाय ४००० देतो, स्टॅकिंगनंतर खराब कडा कापल्यावर एवढे उरले होते. मी म्हटलं, “दादा, पिक्सेल बघा, डीपीआय सोडा.” त्याचं बोट ७२ वरून हलेना. खरं तर तो आकडा म्हणजे फाइलला चिकटवलेली चिठ्ठी. स्क्रीनवर त्याच खिडकीत शेजारी रुंदी ७५ इंच, उंची ५० इंच दिसत होती, कारण ५४०० ला ७२ नं भागलं की ७५ येतात. फोटोशॉपमध्ये ‘रिसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्या बदलू देण्याची) खूण काढून तिथे ३०० टाकलं की तीच फाइल १८ बाय १२ इंच दाखवते आणि १५० टाकलं की ३६ बाय २४. पिक्सेल एकही कमी-जास्त होत नाही.

त्यानं खूण तशीच ठेवून ३०० टाकलं. फाइल झाली २२,५०० बाय १५,०००. “घ्या, झाली तीनशे!” सॉफ्टवेअरनं मनानं भरलेले पिक्सेल होते ते. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक ताऱ्याची कड विरघळलेली. ती फाइल छापायला मी साफ नकार दिला. मग मालक आले. “तीनशेच्या खाली आम्ही घेतच नाही, नंतर कस्टमर भांडतो.” जबाबदारी माझी असं लिहून द्यायला तयार होतो, तेही नको. मागे रांग वाढत होती. शेवटी पेनड्राइव्ह काढून घेतला आणि निघालो.

३०० चा नियम खोटा नाही, पण तो हातात धरून फूटभरावरून पाहायच्या फोटोचा आहे. आपल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक फरक कळत नाही. म्हणून किती डीपीआय पुरे ते काढायला ३४३८ ला पाहण्याच्या इंचांतल्या अंतरानं भागायचं. तीन फुटांवरून उत्तर येतं ९५ च्या आसपास. सोफ्यावरून पाहायच्या फोटोला १५० भरपूर झाले. त्यातून हवेच्या थरथरीनं तारा मुळातच अनेक पिक्सेलांवर पसरलेला असतो, आकडा वाढवून तो बारीक होत नाही. फाइल स्क्रीनवर १०० टक्के झूमवर पाहताना तारे टोकदार दिसत नसतील तर सरळ १६ बाय २४ वर या.

दादरच्या दुकानात पहिला प्रश्न आला, “पिक्सेल किती?” तिथेच काम झालं.

पूर्ण प्रिंटआधी मी एक चाचणी घेतली, ती सगळ्यांनी घ्यावी. तेजोमेघाचा गाभा आणि बाजूचे तारे येतील असा १८०० बाय १२०० पिक्सेलचा तुकडा कापून ८ बाय १२ वर छापायचा. हेही १५० च भरतात, म्हणजे मोठ्या प्रिंटमध्ये तारे नेमके किती मोठे दिसणार ते थोड्या पैशांत कळतं. कागद मात्र तोच हवा. मी लस्टर, म्हणजे कमी चकाकीचा, घेतला. ग्लॉसीच्या काळ्या आकाशात ट्यूबलाइट दिसते आणि मॅटवर काळा रंग फिका पडतो. चाचणीतच कळलं की स्क्रीनपेक्षा प्रिंट गडद येते, मग तेजोमेघाच्या मंद कडा थोड्या उजळून घेतल्या.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती आकसते. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. फ्रेमवाल्याला काच आणि प्रिंटच्या मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात दमटपणानं प्रिंट काचेला चिकटते. आणि ऑर्डरच्या पावतीवर ‘ऑटो करेक्शन बंद’ असं त्यांच्याच हातानं लिहून घ्या. मशीनला काळं आकाश चूक वाटतं आणि ते त्याला राखाडी करून ठेवतं.