सहा कान

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला. ‘दोन पानं’ म्हटलं की गोव्याच्या फोंड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला १९६७चा जानेवारी आठवतो.

आम्ही आठवीत होतो. जनमत कौल तोंडावर आलेला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणाऱ्यांचं चिन्ह फूल, केंद्रशासित संघप्रदेश राहावा म्हणणाऱ्यांचं दोन पानं. मतं मोठ्यांची होती, पण भांडायला आम्हीही पुढे. घरी विषय निघाला की आजी उठून खिडकी लावायची. लग्नपत्रिकेलासुद्धा सेन्सॉरची परवानगी लागायची, त्या अमदानीत तिचा जन्म गेलेला. पोर्तुगीज जाऊन पाच वर्षं झाली तरी तिचं ‘ल्हवू उलय, वणटींक कान आसात’ (हळू बोल, भिंतींना कान असतात) काही सुटलं नव्हतं. आम्ही हसायचो. आमची तोंडं नुकतीच मोकळी झाली होती.

मराठीचे सर कुठल्या बाजूचे, यावर वर्गात पैजा लागल्या. मराठी शिकवतात म्हणजे फूलच, असं बहुतेकांचं मत. सरांनी त्याच आठवड्यात ‘षट्कर्णी होणे’ हा वाक्प्रचार शिकवला. फळ्यावर दोन माणसं काढून कान मोजायला लावले. चार. मग तिसरं काढलं. “चार कानांत गोष्ट राहते. सहा झाले की ती गावाची.” बस्स, पुढचा वाक्प्रचार. १६ जानेवारीला मतदान झालं, दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर जसे यायचे तसे आले आणि व्याकरणाची वही काढा म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांतली गोष्ट. मी मॉनिटर. सरांनी ऑफिसातून जनरल रजिस्टर आणायला पाठवलं. वाटेत मी ते उघडलं. वर्गातल्या एका मुलाच्या नावापुढे, वडिलांच्या रकान्यात, आईचं नाव होतं. देवळांच्या आमच्या तालुक्यात त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. (देवळांच्या सेवेतल्या त्या कलावंत घराण्यांनी गाण्याला काय काय दिलं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त रकाना वाचला.) मधल्या सुट्टीत मी एकालाच सांगितलं. शाळा सुटेपर्यंत सगळ्या आठवीला ठाऊक झालं होतं.

तो मुलगा चार दिवस आला नाही.

मी छडीची वाट पाहत होतो. सरांनी कुणी सांगितलं ते विचारलंच नाही. पाचव्या दिवशी सरच त्याला सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत आले. त्याच्या घरी काय बोलणं झालं ते सरांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर तेच रजिस्टर माझ्या हातात दिलं. “ने, ऑफिसात ठेव.” एवढंच. ऑफिस वीस पावलांवर. त्या वीस पावलांत ते जाड पुस्तक किती जड झालं होतं, ते माझ्या हातांनाच ठाऊक. छडी परवडली असती.

हे लिहिण्याआधी त्या मित्राला फोन केला. “नाव घालू नको, बाकी लिही,” म्हणाला. मग थोडं थांबून, “तूच सांगितलंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.” त्यानंतर किती वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत राबलो! कधी शब्दानं बोलला नाही.

सर शेवटचे भेटले ते म्हार्दोळच्या देवळापाशी, जायांच्या म्हणजे जाईच्या फुलांच्या पूजेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, हातात फुलांची पुडी. मी धीर करून विचारलं, “सर, आता तरी सांगा. सदुसष्ट साली फूल की पानं? हातात तर फुलं दिसतायत.”

सरांनी पुडी वर धरली. “फुलं आत आहेत. बांधलीयत पानात.”

“सर, खरंच सांगा. मी कुणाला बोलणार नाही.”

सरांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. माझी बायको चपला काढून नुकतीच येऊन उभी राहिली होती.

“कान मोज,” सर म्हणाले, आणि देवळात गेले.