याच्यानंतर कुठलं?

परवा भर दुपारी एका रिक्षात बसलो. मागच्या स्पीकरवर प्रल्हाद शिंदे चालू होते. ते संपले, कुमार सानू आले, आणि त्यांच्या पाठोपाठ चक्क बेगम अख्तर! पेनड्राइव्ह भरलेलाच विकत मिळतो का, असं विचारलं तर रिक्षावाल्याने आरशातून नाराजीने पाहिलं. "विकत कशाला, काका? एकेक गाणं निवडून मीच भरलंय."

हा माणूस आमच्या गावच्या स्पीकरवाल्याच्या कुळातला.

तेव्हा लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी स्पीकरवाल्याला सुपारी जायची. लिंबावर कर्णा, ओसरीत ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी. मखमलीच्या तुकड्याने रेकॉर्ड पुसायचं काम आम्हा पोरांना मिळे, पण पेटीला हात लावायची बिशाद नव्हती. पहाटे बिस्मिल्ला खाँ, मग भक्तिगीतं, पंगती बसल्या की लताबाई. नवरी निघायच्या वेळेसाठी एक रेकॉर्ड वेगळी काढून ठेवलेली असे. तिच्यावर सुई टेकली की मांडवातल्या निम्म्या बायका पदर डोळ्यांना लावत. उरलेल्या निम्म्या, मला वाटतं, आधीच रडत असत. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात पुढचं गाणं ठरवायचं, रेकॉर्ड काढायची, पुसायची. त्यामुळे स्पीकरवाल्याचं ताट शेजारी गार होत पडलेलं असे आणि डोळे सतत मांडवावर.

तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ला कूल हर्क नावाच्या डीजेने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या आणि हिपहॉपचा जन्म झाला म्हणतात. गाण्यात नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर पोरं जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवायचा. पण मला त्याची दुसरीच गोष्ट आवडते. आपण काय वाजवतो ते इतरांना कळू नये म्हणून तो रेकॉर्डची लेबलं भिजवून काढून टाकायचा. आमच्या स्पीकरवाल्याला हे लगेच पटलं असतं.

माझी मजल कॅसेट भरून घेण्यापर्यंतच. फुलस्केपवर यादी करायची आणि कोरी सी-साठ घेऊन दुकानात जायचं. एका बाजूला तीस मिनिटं, शेवटचं गाणं मध्येच तुटता कामा नये, म्हणून बेरजा. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत. गझलेनंतर लगेच कव्वाली तर मुळीच नको. हल्ली मोबाइलवर लोक खुशाल शफल लावतात. श्रीखंडावर पिठलं वाढल्यासारखं होतं मला.

कॉलेजात एकीला अशी कॅसेट दिली होती. क्रम लावण्यात कित्येक रात्री गेल्या. अ बाजूला जे विचारायचं होतं ते सगळं, आणि ती नाही म्हणालीच तर असावीत म्हणून ब बाजूला विरहाची गाणी. महिन्याभराने कॅसेट परत देताना म्हणाली, "छान आहे रे. पण आमच्या टेपमध्ये ब बाजूच लावलेली राहिली, तीच ऐकत होते."

असो.